कपाळावरची पाणसळ

सोमवार, ६ डिसेंबर १९३७. उंद्री.

फुटपट्टी ठेवून लिहितो आहे. पट्टी नसली की खालची ओळ वरच्या ओळीवर चढते. डावा डोळा चार वर्षांपूर्वी जत्रेतल्या एका सुईवाल्याने मोतीबिंदू आत ढकलता ढकलता कायमचा घालवला. आता उजव्यातला मोतीबिंदू पिकत आला आहे. दुपारी ओसरीवर बसले की काळी शाई तेवढी दिसते, म्हणून दुपारीच लिहायचे.

निमित्त असे की आज गावात दवंडी झाली. चिखलीच्या धर्मशाळेत अकोल्याचे डोळ्यांचे डॉक्टर महिनाभर मुक्काम करणार आणि मोतीबिंदू काढणार. दवंडी संपते न संपते तोच अब्दुल गनी दारात. मी त्याला जोड्यांवरून ओळखले. माझी पाठ आणि मान पंचवीस वर्षांपासून वाकून आखडली आहे. उभा राहिलो तरी तोंड जमिनीकडेच. सगळे गाव मी पायांवरून ओळखतो.

गनी आणि मी याच गावच्या मराठी शाळेत शेजारी बसून शिकलो. पुढे मी सरकारी मोजणीदार झालो आणि तो माझा साखळीवाला. अठ्ठावीस वर्षे आम्ही दोघांनी वऱ्हाडातली शेते मोजली. साहेबासमोर तो मला ‘मोजणीदारसाहेब’ म्हणे. साहेबाची पाठ वळली की ‘शाल्या’. शालिग्राम हे पुरे नाव त्याने कधी घेतल्याचे आठवत नाही.

“शाल्या, ऐकलं का बे? चिखलीले डोळ्याचा डाक्टर येऊन राह्यला.”

“ऐकलं. एक सुईवाला पुरे झाला मला.”

“हा सुईवाला नाही. हा शिकेल आहे. मोतीबिंदू ढकलत नाही, काढूनच टाकते.”

आतून आमच्या कुटुंबाचा, सरस्वतीबाईंचा आवाज आला. “गनीभाऊ, त्याईले नादी नका लावू. त्या जत्रेत मीच घेऊन गेल्ती. एक डोळा माह्यापायी गेला. दुसराबी गेला तं मी काय करू?”

“वैनी, दुसरा तसाबी चाल्लाच आहे. पाहाले तं जाऊ.”

गुरुवारी जायचे ठरले. उठताना गनीने उंबरा आधी पायाने चाचपला, मग ओलांडला. अठ्ठावनचा झाला. हाच माणूस बांधावरून साखळी ओढत पळायचा, आणि मी ओरडायचो, गनी, हळू, साखळीला झोल पडतो.

गुरुवार, ९ डिसेंबर.

आजचा दिवस लिहायला हवा, हात दुखला तरी.

पुंजाजीच्या गाडीने पहाटे निघालो. मी मागच्या बाजूला कडब्यावर टेकलेला, पाय बैलांकडे. गनी आणि बाई कडेला. चिखलीला धर्मशाळेच्या अंगणात पायच पाय. सगळे ठेचकाळत चालणारे.

डॉक्टरांचे नाव भालचंद्र. लोक भालचंद्र डॉक्टर म्हणतात. आवाज तरुण. उजवा डोळा पाहिला आणि म्हणाले, “छान पिकलाय. निघेल. झोपा या टेबलावर.”

झोपलो. म्हणजे पाठीचा मधला भाग टेकला. डोके टेबलापासून दीड वीत वर राहिले आणि तोंड माझ्याच पायांकडे. डॉक्टरांनी कपाळ हळूच खाली दाबले तर पाय वर आले. पाय दाबले तर डोके वर आले. कंपाउंडर हसला. डॉक्टर हसले नाहीत.

“पाठ कधीपासून अशी?”

मी सांगितले. सन १९०४ ची जळगाव जामोदची मोजणी. सातपुड्याच्या पायथ्याशी तंबू होते आणि पहाटे गवत पांढरे व्हायचे. एका सकाळी जाग आली तर कंबर लाकूड झालेली. गनीने दोन्ही हात धरून मला उभे केले आणि म्हणाला, “चला नवरदेव, मांडवात.” दुपारपर्यंत चालून चालून कंबर मोकळी व्हायची, पुन्हा सकाळी तेच. पुढे सात-आठ वर्षांत पाठ वाकत गेली. मोजणीच्या फळीवर वाकून काम केल्याचा परिणाम, असे मी म्हणालो.

“फळीचा काही दोष नाही,” डॉक्टर म्हणाले. “हा मणक्यांचा सांधेवात. मणक्याला मणका चिकटत जातो. तुम्ही घरी गादीवर लोळत राहिला असता तरी झाला असता.”

हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. तेहेतीस वर्षे मी समजत होतो की पाठ मी नोकरीत दिली.

मग त्यांनी नाही सांगितले. डोळा उघडला की आतला ऐवज बाहेर येऊ द्यायचा नसतो. त्यासाठी तोंड आभाळाकडे आणि समतल हवे, डोके दगडासारखे स्थिर. बसवून ते करत नाहीत. “दुसरा डोळा चांगला असता तर धोका पत्करला असता, मोजणीदार. तुमच्याकडे एकच आहे.”

गनी मधेच अर्धा तास नाहीसा झाला होता. कंपाउंडरच्या रांगेत त्याचे जोडे दिसल्यासारखे वाटले. विचारले तर म्हणाला, “पानी प्याले गेल्तो.”

दारापाशी गनी आणि बाई उतरल्यावर पुंजाजीने बैल सोडले आणि जू धरून ठेवायचे विसरून एका बैलामागे धावला. मागे माझे वजन, पुढे काहीच नाही. गाडी उलाळ झाली. मागचा भाग धाडकन जमिनीला आणि जू आभाळात. माझे डोके खाली आणि पाय वर. सरस्वतीबाई किंचाळल्या.

आणि मला निळे दिसले. त्या मळक्या काचेसारख्या डोळ्यातूनसुद्धा. कडेला झाड नाही, बांध नाही, भिंत नाही. नुसते निळे, सगळीकडे.

“शाल्या! जिता हाय का बे?”

“थांब. गाडी सरळ करू नकोस.”

“काऊन?”

“आभाळ आहे इथं.”

गनी जवळ आला. त्याचा हात माझ्या तोंडावर फिरला, मग कपाळावर थांबला. “तुहं कपाळ आडवं झालं बे,” तो म्हणाला. “फळीवानी आडवं.”

तिकडे बाई पुंजाजीला म्हणत होत्या, “बैल सोडाची अक्कल नाही अन् गाडी हाकते!” त्या बिचाऱ्याने काय केले हे त्याला अजून कळलेले नाही.

शुक्रवार, १० डिसेंबर.

आज दोन जुन्या मोजणीवाल्यांनी एक मूर्खपणा केला.

गोठ्याच्या दाराची फळी काढली, दोन बाजूंना दगड रचले. ट्रंकेतली पाणसळ काढली. नोकरीतून उतरताना मी ती स्वतःची म्हणून आणली होती. काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की फळी समतल. तासभर खपून आम्ही फळी अशी समतल केली की कोणताही साहेब खूश झाला असता. मी तिच्यावर झोपलो. चिखलीच्या टेबलावर होतो तसाच: तोंड पायांकडे.

सरस्वतीबाई चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या. “तुमी फळी मोजून राह्यले का मानूस?”

गनीला इतके हसू आले की तो फळीच्या कडेलाच बसला. अठ्ठावीस वर्षे फळी समतल करायची सवय. फळी वाकडी आणि माणूस समतल, असे आम्हाला सुचलेच नाही.

मग पाणसळ माझ्या कपाळावर ठेवली. फळीच्या पायांकडच्या टोकाखाली गनी ज्वारीची पोती लावत गेला, माझ्या पाठीच्या पोकळीत आणि मानेखाली त्याने कापूस ठासला. “वैनी, तुमी पाहा. बुडबुडा मधी आला की सांगा,” गनी म्हणाला.

“मले काय समजते त्यातलं?”

“पान्यातला फुगा आहे. तांदूळ निवडता, मंग हे काय कठीन आहे?”

बाईंनी पाहिले. तिसऱ्या पोत्याला म्हणाल्या, “आला.” मी विचारले, नक्की? म्हणाल्या, “तुमच्यापेक्षा चांगलं दिसते मले.” खरे आहे.

पण तसे पडून राहवेना. डोक्यात रक्त उतरते. छाती तर वर्षानुवर्षे फुलतच नाही, श्वास पोटाने घ्यावा लागतो, आणि पोट त्या कोनात साथ देत नाही. शंभर आकडे मोजण्याआधी खोकला आला. उघड्या डोळ्यावर असा खोकला आला तर काय होईल, ते डॉक्टरांनी सांगितलेच आहे.

रविवार, १२ डिसेंबर.

गनी काल एकटाच मोटारीने चिखलीला जाऊन आला. यायला उशीर झाला. गुडघा फुटलेला, म्हणे ठेच लागली. रागावलो मी. मोटारीतून उतरायचे तर ठेच कशी लागते?

पण काम करून आला. त्याने डॉक्टरांना कपाळावरच्या पाणसळीची हकिकत सांगितली. डॉक्टर म्हणाले, फळी घेऊन या. अट एकच: अर्धा तास न हलता, न खोकता पडून दाखवायचे. मात्र यादी भरली होती. एकही नंबर शिल्लक नव्हता.

“मग मिळाला कसा?”

“एक जन येऊन नाही राह्यला. त्याचावाला भेटला.”

पत्र्याचा बिल्ला त्याने माझ्या हातावर ठेवला. बोटांनी चाचपला: ४१. बिल्ल्याचा दोरा मऊ आणि ओलसर होता, कोणाच्या तरी गळ्यात दोन-तीन दिवस राहिल्यासारखा. काय माणूस असेल. नंबर मिळाला, गळ्यात घातला आणि घाबरून पळाला. मला त्याची कीव आली, आणि आनंदही झाला. हे दोन्ही लिहून ठेवतो. वीस तारखेला जायचे.

गुरुवार, १६ डिसेंबर.

सराव चालू आहे. काल आठ मिनिटे, आज वीस.

युक्ती गनीची. मी फळीवर पडलो की तो शेजारी बसून शेतांच्या हद्दी बोलत जातो. “पहिला दगड पांदीच्या तोंडाशी. तिथून उगवतीकडं सात साखळ्या, चिंच. चिंचेपासून नाला. नाल्याच्या काठाकाठानं पाच.” मी डोळा मिटून त्याच्यामागून चालतो. मोजणी होऊन तीसेक वर्षे झाली. चिंच तोडली, नाला सरकला, एकाच्या शेताचे चार तुकडे झाले. गनीच्या बोलण्यात सगळे जागच्या जागी आहे.

आज रुखमाबाईचे शेत आले. एकटी बाई, हद्दीवर कोणाची तक्रार नाही, तरी तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला लावले. भाकरी आणि तिळाची चटणी घेऊन बांधावर बसली होती. आम्ही साखळी टाकत होतो आणि ती पाहत होती. शेवटी म्हणाली, “माह्या वावराकडं एवढ्या लक्षानं कोनी पाह्यलंच नव्हतं.” गनीने तिसऱ्यांदा मोजायची तयारी दाखवली. तेव्हा आमचे वय पंचविशीचे. संध्याकाळी साखळी गुंडाळताना तिच्या कड्या थंड लागायच्या, आणि कुठल्याही गावात गेलो तरी कोणी ना कोणी ताक घेऊन यायचे. हे सगळे मी उताणा पडून पाहिले आणि खोकलो नाही.

वेळ पाहायला मी त्याला माझे घड्याळ देऊ केले. घेतले नाही. “घड्याळ काय कराचं? मी साखळ्या मोजतो.” मग ते बाईंनी धरले आणि मोठा काटा किती घरे सरकला ते मोजले. गनी म्हातारपणी हट्टी होतो आहे.

शनिवार, १८ डिसेंबर.

आज तेहेतीस मिनिटे. उद्या निघायचे. फळी, पोती आणि कापूस गाडीत भरला.

भीती वाटते. अंधाराची नाही, तो अर्धा आलाच आहे. पण आता निदान दुपार कळते, पाय कळतात, शाई कळते. हे घालवून बसलो तर? बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “मागल्या खेपेले मी म्हनलं चला. आता मी काहीच म्हनत नाही. तुमी म्हना.”

मी म्हटले, चला.

सोमवार, ३ जानेवारी १९३८.

काल घरी आलो. चष्मा सहा आठवड्यांनी येईल. तोवर सगळे पाण्याखाली असल्यासारखे, पण पाणी स्वच्छ आहे. थोडे थोडे लिहितो.

२० तारखेला डॉक्टरांनी आमची फळी पाहिली, पोती हलवून पाहिली. कापसाच्या जागी काही ठिकाणी वाळूच्या पिशव्या ठेवल्या, म्हणजे डोके हलणार नाही. मग त्यांनी सरस्वतीबाईंना आत बोलावले आणि हात धुवायला लावले. “बाई, बुडबुडा तुम्ही बघा. माझा कंपाउंडर घाबरतो.” बाई म्हणाल्या, “पायाकडून एक बोट वर घ्या.” डॉक्टरांनी घेतले. आयुष्यात कोणा डॉक्टरने त्यांचे ऐकले असेल तर ते यांनीच.

थेंब घालून डोळा बधिर केला. गनीला पाय धरायला बसवले. तो सुरुवातीपासून हद्दी बोलत राहिला, हळू आवाजात, डॉक्टर एकदा “हे काय चाललंय?” म्हणाले आणि नंतर काही म्हणाले नाहीत. बाराव्या साखळीला खोकला घशात आला. मी तो तिथेच धरला. डोक्यात रक्त ठोके देत होते. गनीच्या बोटांनी घोटे आवळले. तेराव्या साखळीवर डॉक्टर म्हणाले, “झालं. निघाला.”

मग दोन्ही डोळे बांधून दहा दिवस तसेच पडायचे. पाय थोडे खाली घेऊ दिले, एवढीच सवलत. त्या दहा दिवसांचे काय लिहू? गनीने सगळी उंद्री मोजून संपवली आणि मग आम्ही घाट उतरून जळगावला गेलो. तिथल्या मोजणीत एका रात्री वाऱ्याने तंबू उडाला होता आणि आम्ही दोघे कागद पोटाशी धरून बसलो होतो. गनी म्हणाला, “तवा तू सरळ व्हता. उंच दिसत व्हता.” मी विचारले, किती उंच? म्हणाला, “माह्या कानाएवढा.” मी विसरून गेलो होतो.

एकतीस तारखेला पट्टी सोडली. डॉक्टरांनी बोटे धरली. “किती?” तीन. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला. जाताना एक कागद दिला, जपून ठेवा म्हणाले. या वहीत ठेवला आहे. वाचता येत नाही.

शुक्रवार, १४ जानेवारी.

संक्रांत. गनीकडून त्याच्या घरच्या सरवरीभाभींनी बोरे पाठवली. गनी स्वतः आला नाही. पंधरा दिवसांत एकदाच आला. काम झाले की माणूस कमी येतो, हे मी त्याच्याबद्दल मनात आणले. वाईट विचार आहे, पण आला.

शनिवार, १२ फेब्रुवारी.

टपालाने चष्मा आला. भिंगे बर्फीच्या वडीसारखी जाड. बाई म्हणतात माझा डोळा बैलाएवढा दिसतो. जमिनीवरच्या मुंग्या दिसल्या. बाईंच्या पायांना भेगा पडल्या आहेत. इतक्या वर्षांत त्यांनी सांगितले नाही. मला वाटले होते, पाय मला माहीत आहेत.

मग वाचायला हाताशी होता तो डॉक्टरांचा कागद उघडला.

“नंबर ४१. अब्दुल गनी, वय ५८, उंद्री. दोन्ही डोळे पिकलेले. आधी उजवा.” त्यावर एक रेघ. सरकारी दप्तरात आम्ही खोडत असू तशीच, एकच, खालचे वाचता येईल अशी. आणि खाली माझे नाव.

तीन वेळा वाचले. मग उंबरा आठवला, गुडघा आठवला, घड्याळ आठवले. तो मऊ दोरा आठवला. कोणाची कीव केली होती मी!

बाईंना विचारले. त्यांनी हातातले सूप खाली ठेवले नाही. “गनीभाऊनं बजावलं व्हतं, सांगाचं नाही म्हनून.”

“आणि तुम्ही ऐकलंत?”

“हाव. तुमचा डोळा व्हता. मी ऐकलं.”

मला त्यांच्यावर रागावता आले नाही. मी त्यांच्या जागी असतो तर काय केले असते, ते लिहीत नाही.

रविवार, १३ फेब्रुवारी.

सकाळी गनीच्या घरी गेलो. तो अंगणात उभा होता, झेंड्याच्या काठीसारखा सरळ. मला त्याचे गुडघे दिसले.

“खाली बस,” मी म्हणालो.

“काऊन बे? चष्मा आला वाट्टे.”

“बस खाली.”

तो उकिडवा बसला. तोंड माझ्या तोंडाखाली आले. पंचवीस वर्षांनी मी त्याचा चेहरा नीट पाहिला. दाढी सगळी पांढरी. हसताना डावीकडे एक दात नाही. आणि दोन्ही बुबुळांच्या मधोमध शिजलेल्या साबुदाण्यासारखा एकेक दाणा.

मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटा धरला.

“का सांगितलं नाहीस?” मी विचारले. आवाज चढला असावा, कारण सरवरीभाभी दारात आल्या.

“भाईजी, मी सांगनार व्हती,” त्या म्हणाल्या. “याईनं कसम घातली.”

“सांगितलं असतं तं तू नंबर घेतला असता का?” गनी म्हणाला.

“नसता घेतला.”

“मंग? शाल्या, तुह्यासाठी फळी, पोते, कापूस, वैनी, सगळं तयार करा लागलं. डाक्टर पहिल्यांदा हाव म्हनला. पुढच्या वर्षी म्हनला असता का? माही पाठ काय, सरळ आहे. मले कुठंबी लेटवा.”

“आणि तोवर?”

“तोवर काय? पंचवीस वर्स तू पाय पाहून चालला. मी आवाज आयकून चालतो.”

मी त्याला म्हणालो की डिसेंबरपासून मी वही लिहितो आणि त्यात कुठेही तुला दिसत नाही असे लिहिलेले नाही. तो म्हणाला, “तुलेच दिसत नव्हतं, तं लिवशीन काय?” आणि हसला. मी हसलो नाही.

घरी येऊन डॉक्टरांना पत्र लिहिले. चष्म्यातून लिहिलेले पहिले पत्र. तीनदा फाडले.

सोमवार, २१ फेब्रुवारी.

डॉक्टरांचे उत्तर आले. लिहितात, गनीने त्यांना सांगितले होते की मोजणीदारांना सगळे ठाऊक आहे आणि दोघांनी मिळून ठरवले आहे. नाहीतर नाव खोडले नसते. उन्हाळ्यात ते शस्त्रक्रिया करत नाहीत, घाण आणि धुळीमुळे डोळा चिघळतो. होळीच्या आत अकोल्याला त्यांच्या दवाखान्यात आणा. “या रुग्णाला फळी लागणार नाही,” असे शेवटी.

गनी म्हणतो, पुढच्या थंडीत पाहू. सरवरीभाभी म्हणतात, आत्ता. मी भाभींच्या बाजूला आहे. दोघांनी मिळून त्याला आज दुपारी जेरीस आणले.

गुरुवार, ३ मार्च. अकोला.

दवाखान्याच्या ओसरीवर बसून लिहितो. गनीचा डोळा उद्या सकाळी आहे. उजवा. दिसू लागते की नाही, ते पट्टी सुटली की कळेल.

मोटारीने घाट उतरून खामगाव, जलंबला गाडी बदलून इथे. स्टेशनापासून चालत आलो. भाभी बोचके घेऊन मागे. गनीला काठी नको होती. त्याने हात माझ्या पाठीच्या उंचवट्यावर ठेवला. म्हणाला, हे बरोबर उंचीवर आहे. मी खाली पाहत पुढे, तो वर पाहत मागे.

“खड्डा,” मी सांगत होतो. “शेण, डावीकडून ये. नाली. रूळ, पाय उचल.”

“पुढं काय आहे बे?”

“मला काय माहीत? पुढचं मला कधी दिसलं?”

“चांगला वाटाड्या भेटला मले.”

चौकात गर्दी होती. पुढून येणारे जोडे जागच्या जागी थांबत होते: चपला, पायताणे, एक पॉलिशचे बूट.

“लोक पाहून राह्यले का बे?”

“हो.”

“पाहू दे. फुकटात पाहाले भेटून राह्यलं त्यायले.”

जोडे बाजूला झाले आणि आम्ही पार झालो. मग दवाखाना आला. मी पायरीपाशी थांबलो, आणि तो सरळ माझ्यावर आदळला. चष्मा नाकावरून सुटला, भाभींनी झेलला.

“सांगत जाय ना बे!” गनी ओरडला. “आंधळ्या मानसाले सांगा लागते!”

“तू सांगितलं होतंस?”

त्याचा पाठीवरचा हात घट्ट झाला. भाभींनी चष्मा माझ्या कानांवर चढवला आणि मी खाली पाहिले.

“पायऱ्या आहेत,” मी म्हणालो. “तीन.”